भात किती वाजता उतरवला?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. एवढ्या उशिरा तो कधी फोन करत नाही, त्यामुळे छातीत धस्स झालं. पण आवाज तसा ठीक होता, फक्त जरा दबका.

"मावशी, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"परवा तपासणीवाले येणार म्हणतात. अशा वेळी किती द्यावे लागतात गं?"

जांबोटीच्या अलीकडे, चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यानं नुकतंच छोटंसं हॉटेल टाकलं आहे. गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबतात. भाकरी, उसळ, मिसळ, रविवारी सुकं मटण. पोरगा कष्टाळू आहे. पण हॉटेल टाकलं की आधी पाकीट तयार ठेवायचं, हे त्याला कुणीतरी शेजारच्यानं शिकवलेलं.

मी म्हटलं, "पैशाचं नंतर बघू. आधी सांग, आज दुपारचा भात किती वाजता उतरवलास?"

तो गप्प. मग म्हणाला, "हे काय मध्येच?"

वाचकहो, हे मध्येच नाही. या प्रश्नामागे माझ्या आयुष्यातला एक फार वाईट दिवस आहे. खानावळीच्या गमतीजमती या सदरात मी अधूनमधून लिहीत आले. डबे न्यायला येणारी मुलं, उधारीची वही, एकादशीला खिचडीसाठी लागणारी रांग, हे सगळं तुम्ही गोड मानून वाचलंत. ही एक गोष्ट मात्र आजवर लिहायचं धाडस झालं नव्हतं.

खानावळ सासूबाईंनी सुरू केली, १९६८ साली. घराच्या पुढच्या दोन खोल्या, चार लाकडी बाकं, बाहेर पाटीसुद्धा नव्हती. १९९२ पासून ती माझ्याकडे आली आणि पुढे २६ वर्षं मी ती चालवली. सासूबाई सोवळ्यातल्या. अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, खरकट्या हाताला दुसऱ्या भांड्याचा स्पर्श नाही. त्यांची एक शिस्त होती. आमटी, भाजी, कोशिंबीर सगळं आधी होईल, पण भात शेवटी. पानं मांडली की भात उतरायचा. वाफाळलेला भात पानात पडायचा आणि पंगत उठेपर्यंत पातेलं रिकामं व्हायचं. उरलाच तर दुपारीच गाईला. संध्याकाळी नवा. त्या वेळी मला वाटायचं, ही केवढी उधळपट्टी!

आमच्या खानावळीच्या स्वच्छतेचा मला अभिमान होता. नुसता अभिमान नव्हे, गर्वच म्हणा ना. रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघून मी नाक मुरडत असे. 'आमच्याकडे घरच्यासारखं' हे वाक्य दिवसातून दहा वेळा तोंडी यायचं.

मग २०१३ चा श्रावण आला. माझ्या एका जिवलग मैत्रिणीच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. ६० पानांची ऑर्डर. मैत्रीण म्हणाली, "दुसऱ्या कुणाला सांगणारच नाही मी. पोरीला तुझ्या हातचा मसालेभात खायचाय." मला मूठभर मांस चढलं.

त्या दिवशी अडचणींची रांगच लागली होती. पावसानं आदल्या रात्रीपासून वीज गेलेली. आचाऱ्याचा नेमका त्याच दिवशी खाडा. मोठी शेगडी एकच, आणि तिच्यावर रोजच्या डब्यांचा स्वयंपाकही व्हायचा होता. म्हणून मी ठरवलं, मसालेभात पहाटेच करून ठेवावा. साडेसातला भात उतरवला. भलंमोठं पातेलं, वर घट्ट झाकण, त्यावर जाड फडकं. 'गरम राहील' म्हणून. तो वाढला गेला दुपारी दीडला. मधले सहा तास त्या पातेल्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

हाताखाली ज्या बाई होत्या त्यांना आम्ही आक्का म्हणायचो. त्यांच्या बोटाला आदल्या दिवशी विळी लागली होती. चिंधी गुंडाळून त्या काम करत होत्या. काकडीची कोशिंबीर त्यांनीच कालवली. मला दिसत होतं. मी एवढंच म्हटलं, "आक्का, जपून हं."

जेवणं छान झाली. मसालेभाताचं कौतुक झालं. चार वाजता मैत्रिणीचा फोन आला. एकीला उलट्या सुरू झाल्या होत्या. मग दुसरीला. साडेपाचपर्यंत ११ जणं. आणि त्या अकरांत ती पोटुशी लेकही होती. तिला रात्रभर सलाइन लावलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा मैत्रीण बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. रागावली असती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

देवाच्या कृपेनं सगळे दोन दिवसांत बरे झाले. पोरीला आणि बाळाला काही झालं नाही. पण ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. घरी आल्यावर मी काय केलं असेल? उरलेलं सगळं अन्न मोरीत आणि उकिरड्यावर टाकलं. पातेली राखेनं घासली, फरशी दोनदा धुतली. मला वाटलं, मी शहाणपणा करते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अन्न सुरक्षा अधिकारी दारात. पंचविशी-तिशीतली मुलगी, खांद्याला पिशवी, बोलणं धारवाडी कानडी. तिचा पहिला प्रश्न होता, "अन्न यावाग माडिद्री?"

कानडीत भाताला अन्नच म्हणतात, हे आपल्या सीमाभागात कुणाला सांगायला नको. भात कधी केला होता, एवढंच ती विचारत होती. मी भडकले. म्हटलं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची खानावळ आहे, सोवळ्यातली आहे, तुम्ही कुणाला विचारताय! अर्धं मराठी, अर्धं कानडी, तोंडाला येईल ते बोलले. तिला देव्हारा दाखवला. तिनं देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि मोरीवरची जाळी उचलून बघितली. जाळीचा एक कोपरा तुटलेला होता. उंदीर सहज आत येईल एवढा.

मग तिनं विचारलं, "कालचं अन्न थोडं शिल्लक आहे का? नमुना हवा." मी अभिमानानं सांगितलं की सगळं टाकून, धुऊन-पुसून ठेवलं आहे. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अम्मा, आता खरं काय झालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही."

ते अगदी खरं ठरलं. भात की कोशिंबीर, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही शक्यता समजावून सांगितल्या. तांदळावर एका जातीच्या जंतूंची बीजं असतात, बॅसिलस सेरियस असं त्यांचं नाव. भात शिजला तरी ही बीजं मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मोठ्या पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणजे मी फडकं घालून त्यांची सोयच केली होती. दुसरी शक्यता आक्कांच्या बोटाची. जखमेत, फोडात, नाकात राहणारे स्टॅफिलोकोकस जंतू हातातून अन्नात उतरतात. त्यांचंही विष उष्णतेला दाद देत नाही. दोन्हींत खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. आणि दोन्हींत अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही. सगळ्यांनी भाताचं कौतुक केलं होतं ते खोटं नव्हतं.

त्या दोन तासांत त्या मुलीनं माझं स्वयंपाकघर मलाच नव्यानं दाखवलं. माझं लक्ष फरशीवर असायचं, तिचं नळाजवळ. हात धुण्याच्या ठिकाणी साबण नव्हता, तिथे भांडी घासायची पावडर होती. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं होतं, आणि टाकी शेवटची कधी धुतली ते कुणालाच सांगता येईना. कच्ची भाजी आणि शिजवलेले बटाटे एकाच पाटावर चिरले जात होते. जाळीच्या कपाटात वर कच्चं, खाली शिजलेलं. कामाच्या बायकांची वैद्यकीय तपासणी कधी झालेली नव्हती. सोवळं कुठेच मोडलं नव्हतं, पण जंतूंना सोवळं कळत नाही.

निघताना मीही तेच केलं, जे आज माझा भाचा करू पाहत होता. एक पाकीट पुढे केलं. आज लिहिताना लाज वाटते. तिनं ते टेबलावरच राहू दिलं आणि म्हणाली, "अम्मा, यातून टाकीचं झाकण आणा."

आठवड्याभरानं कार्यालयाचा कागद आला. कानडीत. माझं कानडी बोलण्यापुरतं, वाचता येत नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ओसरीवर बसून वाचून दाखवला. एकेक कलम वाचायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि पुढचं वाचायचे. आठ कलमं होती. सीमाभागात कागद कुठल्या भाषेत आला यावर आपलं रक्त लवकर तापतं, आणि त्याला कारणंही आहेत. पण त्या दिवशी मला वाटलं, कागद माझ्या भाषेत आला असता तर एवढाच फरक पडला असता की मास्तरांसमोर मान खाली घालावी लागली नसती. चुका त्याच राहिल्या असत्या.

कायद्याच्या भाषेत त्या कागदाला सुधारणा नोटीस म्हणतात. ही शिक्षा नसते. काय चुकलं, कुठला नियम मोडला, काय करायला हवं आणि किती दिवसांत, हे त्यात लिहिलेलं असतं. मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. त्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर मात्र परवाना थांबवता येतो, पुढे रद्दही होतो. मला हे आधी माहीत असतं तर पाकीट शोधलं नसतं.

इथे थोडं कायद्याबद्दल सांगते, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुना कायदाच आहे. १९५४ चा कायदा भेसळ प्रतिबंधाचा. दुधात पाणी, तिखटात विटकरीची भुकटी, हळदीत रंग, असं काही घातलं आहे का हे तो मुख्यतः बघायचा. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्यानं प्रश्नच बदलला. अन्नात काय घातलं एवढंच तो विचारत नाही. अन्न कुठे केलं, कुणाच्या हातांनी केलं, कुठल्या पाण्यात केलं, किती वेळ कसं ठेवलं, हेही विचारतो. मी भेसळ केली नव्हती. चांगल्यातला चांगला तांदूळ होता, घरचं तूप होतं. 

आणि नोंदणीचं म्हणाल तर २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान धंद्यांना परवाना नको, साधी नोंदणी पुरे, फी वर्षाला १०० रुपये, असं ठरवलं होतं. आम्ही तीही केली नव्हती. मुदत वाढत होती आणि आम्ही 'बघू, बघू' म्हणत होतो. शंभर रुपयांसाठी नव्हे, आळसापोटी.

मी तीन आठवडे खानावळ बंद ठेवली. टाकी, जाळ्या, हात धुण्याचं वेगळं बेसिन, दोन रंगांचे पाट, मोठा फ्रीज. सोन्याच्या दोन बांगड्या गेल्या. आक्कांना बोट बरं होईपर्यंत पगारी सुट्टी दिली. त्या रडल्या. म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही काढून टाकाल." तेव्हा माझ्या लक्षात आलं की चिंधी गुंडाळून त्या का कामाला आल्या होत्या. सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पगार मीच कापत होते! ही गोष्ट नोटिशीच्या आठ कलमांत नव्हती. पण माझ्या मते ते नववं कलम होतं.

सगळ्यांची वैद्यकीय तपासणी केली, विषमज्वराची लसही टोचून घेतली. वर्षातून एकदा तपासणी हवीच, असा नियम आहे. एक बाई कुरकुरली, "मी धडधाकट आहे, मला कशाला?" डॉक्टरांनी तिला न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट सांगितली. ही मेरी घरोघरी स्वयंपाक करायची. १९०६ साली ती ज्या घरी कामाला होती तिथे ११ पैकी ६ जणांना विषमज्वर झाला. शोध घेतला तर तिनं काम केलेल्या घरामागून घरात तोच आजार निघाला. ती स्वतः मात्र ठणठणीत. जंतू तिच्या पोटात राहत होते, तिला काही करत नव्हते. तिला वेगळं ठेवलं, पुढे 'स्वयंपाकाचं काम करणार नाही' या बोलीवर सोडलं. १९१५ साली ती पुन्हा सापडली, एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्या नावानं. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत तिला एकटं ठेवलं गेलं. मला तिची कीवही येते. तिला स्वयंपाकाशिवाय दुसरं पोटापाण्याचं साधन नीट कुणी दिलं नाही. पण धडधाकट दिसणं म्हणजे तपासणी नव्हे, हे त्या कुरकुरणाऱ्या बाईला पटलं.

आता तुम्ही म्हणाल, अधिकारी सगळेच तसे असतात का? नसतात. मीही २६ वर्षं धंदा केला आहे. फुकट जेवून जाणारेही पाहिले आणि दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानांत फेरी मारून फोटो काढून जाणारेही. काही तरी घडलं की खातं जागं होतं, हा आपला सगळीकडचा अनुभव. हैदराबादला ऑक्टोबर २०२४ मध्ये मोमो खाऊन एका बाईचा जीव गेला, कित्येक आजारी पडले, तेव्हा कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणात वर्षभराची बंदी आली. आधी कुणी विचारलं नव्हतं.

तरी तपासणीनं काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्या कर्नाटकात २०२४ साली गोबी मंच्युरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतले १०७ घातक रंगांमुळे असुरक्षित निघाले. म्हातारीच्या केसांचे, म्हणजे त्या गुलाबी कापसासारख्या मिठाईचे, २५ पैकी १५. त्यात कापड रंगवायचा रोडामाइन-बी सापडला. मार्च २०२४ मध्ये या रंगांवर बंदी आली. पलीकडे गोव्यात म्हापशाच्या पालिकेनंही त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोबी मंच्युरियनच्या गाड्यांविरुद्ध पाऊल उचललं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इडल्यांचा विषय निघाला. सुती कापडाऐवजी प्लॅस्टिकच्या कागदावर इडल्या वाफवल्या जातात, असं २५१ पैकी ५२ ठिकाणी आढळलं. माझ्या सासूबाई इडलीपात्रात ओलं पंचाचं फडकं घालायच्या. रोज ते फडकं उकळत्या पाण्यात धुवायला लागायचं, म्हणून लोकांनी प्लॅस्टिक घातलं. कष्ट वाचले, पण कशाच्या बदल्यात?

आणि खरं सांगू, गिऱ्हाईक म्हणून आपणही कमी नाही. लालभडक तंदुरी, पिवळीजर्द जिलेबी आपल्यालाच हवी असते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली गरम भजी आपणच आवडीनं खातो, शाईसकट. भज्यांच्या कढईतलं तेल काळं दिसलं तरी आपण विचारत नाही. वारंवार तापलेल्या तेलात जे घटक साठतात त्यांची मर्यादा २५ टक्के, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायला यंत्र लागतं हे खरं. पण तेल काळं, दाट झालं, फेस धरून धूर सोडू लागलं, एवढं कळायला यंत्र कशाला?

विचारायला लाजू नका. हॉटेलात १४ आकडी नोंदणी किंवा परवाना क्रमांक दिसेल अशा जागी लावलेला असायला हवा. हात धुवायच्या जागी साबण आहे का बघा. जिथे गिऱ्हाइकाला साबण नाही, तिथे आचाऱ्याला असेल अशी आशा कशी धरायची? काही बाधलं तर उरलेलं अन्न टाकू नका. स्वच्छ डब्यात भरून, वर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवा, बिल जपा, डॉक्टरांना दाखवा. संशय आला तर गिऱ्हाइकालाही फी भरून अन्नाची तपासणी करून घेण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते.

घरीसुद्धा हेच. आता घराघरांत वाढदिवस, मुंज, बारसं, सगळं बाहेरच्या ऑर्डरवर होतं. शिजलेलं अन्न एक तर वाफाळतं गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर, नाही तर फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली. मधल्या कोमट पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही. भात उरणारच असेल तर परातीत पसरून पटकन निववा आणि फ्रीजमध्ये टाका. पातेल्यात झाकून ओट्यावर रात्रभर ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, हे मात्र आता सोडा. फोडणीनं चव येते, विष जात नाही.

दुरुस्त्या संपल्यावर मी स्वयंपाकघरात एक पाटी टांगली. शाळेतली काळी पाटी, दोरीला खडू बांधलेला. कुठलंही पातेलं उतरलं की त्याची वेळ पाटीवर. भात १२.४०. आमटी १२.१५. कोशिंबीर १.००, आणि शेजारी ती कुणी कालवली त्याची खूण. वेळ संपली की अन्न बाद, मग ते कितीही चांगलं दिसो. शिवाय प्रत्येक ऑर्डरच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी दोन दिवस फ्रीजमध्ये. रिकाम्या पातेल्यानं साक्ष दिली नाही, ही गोष्ट मी विसरले नव्हते.

गिऱ्हाइकं हळूहळू परतली. मैत्रीण आली नाही. बारशाला बोलावणं होतं, पण जेवण दुसरीकडून मागवलं होतं. बरोबरच होतं तिचं. मी गेले, बाळाला कुंची दिली, कॉफी घेतली आणि निघाले. पुढे बाजारात भेट व्हायची. दोघी भाज्यांचे भाव बोलायचो.

तीन वर्षांनी, २०१६ च्या चैत्रात, ती दुपारी एकला खानावळीच्या दारात उभी राहिली. कडेवर नात. ती तीच, जिच्या डोहाळजेवणाला हे सगळं घडलं. काही न बोलता मैत्रीण सरळ स्वयंपाकघरात गेली. नळ पाहिला, साबण पाहिला, मोरीची जाळी पायानं दाबून पाहिली. मग पाटीसमोर थांबली.

"आजचा भात किती वाजता उतरवलास?" तिनं विचारलं.

"वाच की," मी म्हटलं. "बारा पन्नास."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाकावर बसली. नातीला मांडीवर घेऊन तिनं आधी स्वतः एक घास खाल्ला, मग तिला भरवला. मी वाढत होते. आम्ही दोघी त्या जुन्या दिवसाबद्दल तेव्हाही बोललो नाही, नंतरही नाही. पण पुढच्या रविवारी तिच्याकडून दहा पानांची ऑर्डर आली.

२०१८ साली गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मी खानावळ बंद केली. बाकं विकली, शेगडी दिली. पाटी ठेवली.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. तपासणी झाली. दोन दोष निघाले. फ्रीजमध्ये कच्चं मटण वरच्या कप्प्यात आणि शिजलेलं खाली ठेवलं होतं, आणि एका पोऱ्याचा वैद्यकीय दाखला नव्हता. सुधारायला मुदत मिळाली आहे.

"पाकिटाचं काय झालं?" मी विचारलं.

"नाही दिलं. त्यातून पोऱ्याची तपासणी करून घेतली." मग जरा थांबून म्हणाला, "मावशी, तुझी ती पाटी मला देशील?"

येत्या रविवारी तो न्यायला येणार आहे. मी पुसून ठेवली आहे. खडू तेवढा त्यानं नवा आणायचा.